पाटीवरचा आकडा कधीचा आहे?

तालुक्याच्या गावातला एक दवाखाना. सोमवारची ओपीडी, बाकं भरलेली, काही जण भिंतीला टेकून उभे. डॉक्टरांच्या दारावरच्या डिजिटल पाटीच्या पडद्यावर मोठा आकडा: ४७. समोर बसलेल्या आजींच्या हातात ५२ नंबरची चिठ्ठी, घडी घालून घालून मऊ झालेली. थोड्या थोड्या वेळानं त्या वर बघत होत्या, आकडा तोच दिसला की परत खाली. आत मात्र डॉक्टर ५६ नंबरचा पेशंट तपासत होते. कुणीतरी मोबाईल चार्ज करायला राऊटरची पिन काढली होती आणि पडद्यापर्यंत नवा आकडा पोचतच नव्हता. सिस्टरनी नंबर दोनदा पुकारला होता, पण पंख्यांच्या घरघरीत तो मागच्या बाकापर्यंत गेला नाही.

"अहो, पण घड्याळ चालू होतं की!" आजी मला म्हणाल्या.

ती पाटी आम्हीच बसवली होती. दुकानं, दवाखाने, सभागृहं, बस थांबे अशा ठिकाणी डिजिटल पाट्या लावणं आणि त्या चालत्या ठेवणं हेच माझं काम. आजींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पुढे जात होतं, खाली हात धुण्याची सूचना सरकत होती. काहीतरी हलताना दिसलं की माणूस धरून चालतो, सगळंच चालू आहे. पण घड्याळ पडद्यामागच्या यंत्रातच चालतं, त्याला नेट लागत नाही. नंबर मात्र बाहेरून येतो. हा फरक बघणाऱ्याला कळावा अशी काहीच सोय आम्ही ठेवली नव्हती. अशा 'जिवंत' पाट्या नेमक्या कशा चालतात, आणि त्या खोटं का बोलू लागतात, हे म्हणूनच नीट सांगावंसं वाटतं.

कुठलीही डिजिटल पाटी घ्या, तिच्यात तीन वस्तू असतात. समोर दिसतो तो पडदा. त्याच्या मागे एक छोटा कॉम्प्युटर, आमच्या भाषेत प्लेअर; कधी तो तळहाताएवढी डबी असतो, कधी पडद्याच्या आतच बसवलेला असतो. आणि लांब कुठेतरी सर्व्हर, जिथून कुठल्या पडद्यावर काय आणि कधी दाखवायचं हे ठरतं. जाहिरातीची चित्रफीत दाखवायची असेल तर काम सोपं. सर्व्हर रात्री फाईल पाठवतो, प्लेअर ती स्वतःजवळ साठवतो आणि दिवसभर फिरवत राहतो. मध्ये नेट गेलं तरी कुणाला पत्ता लागत नाही, आणि लागायचं कारणही नाही, कारण कालची साबणाची जाहिरात आज खोटी होत नाही. टोकनचा नंबर, बसची वेळ, बाजारभाव, सभागृहात आत्ता चाललेलं भाषण यांचं तसं नाही. हा माल नाशवंत आहे. दूध जसं सकाळचं की कालचं हे बघावं लागतं, तसं इथे आकडा कधीचा हे बघावं लागतं.

हा ताजा माल पाटीपर्यंत दोन रीतींनी येतो. पहिली रीत म्हणजे प्लेअरनं सारखं विचारत राहायचं. गाडीत मागच्या सीटवर बसलेलं पोर जसं दर पाच मिनिटांनी "आलं का आजोळ?" विचारतं, तसं. दर दहा सेकंदांनी विचारलं तर एक पडदा दिवसात ८,६४० वेळा विचारतो. चाळीस पडदे असतील तर साडेतीन लाखांच्या आसपास. त्यातल्या बहुतेक वेळा उत्तर एकच: "नाही, काही नवीन नाही." दुसरी रीत तुम्ही चहाच्या टपरीवर रोज ऐकता. तुम्ही स्कॅन करून पैसे पाठवता आणि टपरीवरचा डबा बोलतो, "वीस रुपये प्राप्त झाले." त्या डब्यानं दर क्षणी "आले का पैसे?" असं विचारलेलं नसतं. त्याची सर्व्हरशी जोडणीची ओळ उघडीच असते आणि बातमी आली की ती त्याच्याकडे ढकलली जाते. वेब पानांसाठी अशी उघडी ओळ ठेवायची पद्धत वेबसॉकेट या नावानं २०११ मध्ये प्रमाण म्हणून ठरली. एमक्यूटीटी नावाची पद्धत त्याहून जुनी, १९९९ ची. तेलाच्या पाइपलाइनवरची यंत्रं उपग्रहाच्या महागड्या जोडणीवरून बोलायची, तेव्हा कमीत कमी शब्दांत निरोप जावा म्हणून ती जन्माला आली. आज अडचणीच्या जागी, सिमकार्डाच्या नेटवर चालणाऱ्या पाट्यांना ती फार सोयीची पडते.

उघड्या ओळीत एक फसगत आहे. ओळ शांत आहे याचे दोन अर्थ होतात: नवीन काही नाही, किंवा ओळ तुटली आहे. दोन्ही वेळा पडद्यावर तोच जुना आकडा. म्हणून अशा ओळींवर काही नवीन नसलं तरी ठरावीक वेळानं "आहेस ना?" "आहे" एवढी देवाणघेवाण चालू ठेवावी लागते, आणि "आहे" आलं नाही तर पाटीनं ते लोकांना सांगावं लागतं. आम्ही दवाखान्यात पहिला भाग केला होता. दुसरा केला नव्हता.

आता थांब्यावरची "३ मि." ही पाटी घ्या. या दोन अक्षरांमागे बरीच धावपळ असते. बसमधलं जीपीएस यंत्र काही सेकंदांच्या अंतरानं आपली जागा सर्व्हरला कळवतं. ती जागा कधी रस्त्यावर, कधी शेजारच्या इमारतीच्या डोक्यावर येते, कारण उंच इमारतींमध्ये जीपीएस चुकतं. सर्व्हर तो बिंदू ओढून बसच्या मार्गावर आणतो, पुढचे थांबे मोजतो, याच मार्गावर याच वेळी आधीच्या गाड्यांना किती वेळ लागला ते पाहतो आणि अंदाज बांधतो. म्हणजे "३ मि." हे मोजमाप नसून भाकीत आहे. सिग्नलला गाडी अडकली की तीनाची चार होतात, आणि थांब्यावरचा माणूस वैतागतो. खरं तर तो आकडा मागे सरकला याचा अर्थ पाटी काम करते आहे.

हे अंदाज एका यंत्रणेकडून दुसरीकडे पाठवायची सर्वमान्य भाषा आहे. तिची सुरुवात २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी मिळून केली, ती जीटीएफएस. आधी त्यात फक्त वेळापत्रकं असत, ताज्या माहितीसाठीचा भाग २०११ मध्ये आला. त्याच्या शिफारशींमधली एक ओळ मला अतिशय मोलाची वाटते: गाडीची जागा आणि वेळेचा अंदाज ९० सेकंदांपेक्षा जुना असू नये. प्रत्येक निरोपावर तो कधी तयार झाला याचा शिक्का असतो. म्हणजे पाटीला नुसता आकडा मिळत नाही, आकड्याचं वयही मिळतं. दुर्दैवानं पाटी बनवणारे बरेचदा आकडा उचलतात आणि वय फेकून देतात. मग सर्व्हर बंद पडलेला असतो आणि थांब्यावर "३ मि." तासभर उभी राहते.

रेल्वेला ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी कळली होती. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसानं ट्रॅक सर्किट काढलं. रुळांच्या ठरावीक तुकड्यातून बारीकसा वीजप्रवाह सोडायचा, तो पलीकडच्या टोकाला एक रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, उचलून धरतो. गाडी आली की तिच्या चाकांनी आणि आसांनी दोन रूळ जोडले जातात, प्रवाह मधूनच परततो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. खुबी पुढे आहे. रूळ तुटला, तार निघाली, बॅटरी संपली, तरीही रिले पडतोच आणि सिग्नल लालच होतो. "गाडी नाही" हे सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध होत नसेल तर गाडी आहे असंच धरायचं. काही कळत नाही तेव्हा सावध बाजूला पडायचं, ही सवय सिग्नलच्या अंगात मुरलेली आहे. टोकनच्या पाटीनं कुणाचा जीव जात नाही हे खरं, पण ५२ नंबरच्या आजींची पाळी जाते, त्यांची दुपारची एसटी चुकते.

जुन्या फडफडत्या फलकांतही एक असाच उपजत प्रामाणिकपणा होता. इटलीतल्या उदिने गावच्या सोलारी कंपनीचा फलक १९५६ मध्ये बेल्जियममधल्या लिएज स्टेशनवर लागला, आणि पुढे जगभरच्या स्टेशनांवर, विमानतळांवर तसे फलक दिसू लागले. ओळ बदलली की पट्ट्या खडखडत फिरायच्या आणि सगळे प्रवासी माना वर करायचे. बदल झाल्याचं कानाला कळायचं. आजचा पडदा गुपचूप बदलतो, आणि गुपचूपच अडकतो.

आता मराठी पाट्यांविषयी, कारण इथे आपली अडचण वेगळी आहे आणि ती फारसं कुणी समजावून सांगत नाही. बाजारपेठेत दुकानांवर लाल ठिपक्यांच्या सरकत्या पाट्या दिसतात, त्यातल्या कितीतरी पी१० पट्ट्यांच्या असतात. दहा म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. एका पट्टीवर आडवे ३२ आणि उभे १६ ठिपके. इंग्रजी कॅपिटल अक्षर ७ ठिपक्यांच्या उंचीत व्यवस्थित बसतं, म्हणजे १६ ठिपक्यांत दोन ओळी आरामात. आता तिथे 'सिंधुदुर्ग' लिहून बघा. शिरोरेषेच्या वर वेलांटीची कमान, तिच्यावर अनुस्वार, शेवटी रफार. खाली 'धु' आणि 'दु'चे उकार. आपल्या लिपीला तीन मजले लागतात. १६ ठिपक्यांत वरच्या मजल्याला चार, खालच्याला चार दिले, तर मूळ अक्षराला आठच उरतात. म्हणून देवनागरीची एकच ओळ येते, आणि तीही चेपलेली. अनुस्वार वेलांटीत मिसळतो, 'घ' आणि 'ध' लांबून सारखे दिसतात. उपाय एकच: मराठीसाठी पट्ट्यांच्या दोन रांगा घ्याव्यात, म्हणजे उभे ३२ ठिपके. खर्च वाढतो. तरीही मी तेच सुचवतो, कारण जी पाटी वाचता येत नाही तिच्यावरची माहिती ताजी असून उपयोग काय?

दुसरी अडचण अक्षरांच्या क्रमाची. 'सिं' लिहिताना कॉम्प्युटर आधी 'स' साठवतो, मग वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. 'र्ग'मध्ये उलट: रफार आधी साठवला जातो आणि नंतरच्या 'ग'च्या डोक्यावर काढावा लागतो. ब्राउझरमध्ये ही जुळवाजुळव करणारा भाग असतो, म्हणून मोबाईलवर मराठी नीट दिसतं. ठिपक्यांच्या पाटीतल्या स्वस्त कार्डात तो भाग नसतो. ते साठवलेल्या क्रमानं अक्षरं मांडतं आणि गावाच्या नावाची पार दशा होते. नेहमीची तोड अशी, की दुकानदार कॉम्प्युटरवर मजकूर लिहितो, त्याचं चित्र बनतं आणि पाटीला चित्रच पाठवलं जातं. 'सेल चालू आहे'साठी ते पुरतं. दर मिनिटाला नाव बदलणाऱ्या पाटीला मात्र प्रत्येक वेळी नवं चित्र लागतं, आणि ते बनवणारा नीटसा प्लेअर मागे हवाच. 'कसाऱ्याकडे' या शब्दातला 'ऱ्य' हा माझा पहिला कसोटीचा शब्द असतो. तो चंद्रकोरीसारखा 'र' नीट आला, की फॉन्ट मराठीचा विचार करून घेतला आहे असं समजतं. वेब पानावर भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल, तर 'ल' आणि 'श'सुद्धा आपल्या वळणाचे येतात. ती एक नोंद करायला काही सेकंद लागतात, तरी बहुतेक पाट्यांवर ती नसते.

तीन भाषा आळीपाळीनं दाखवतानाही एक चूक नेहमी होते. मराठी पाच सेकंद, हिंदी पाच, इंग्रजी पाच, आणि प्रत्येक वेळी पूर्ण पडदा बदलायचा. जिन्यावरून धावत आलेल्या माणसाला आपल्या भाषेसाठी दहा सेकंद थांबावं लागतं. आकडे एका जागी स्थिर ठेवावेत, फक्त नाव बदलावं. गाडी किती मिनिटांत आहे हे कुठल्याही क्षणी नजर टाकली तरी दिसलं पाहिजे.

थेट प्रक्षेपणाबद्दल थोडक्यात. इंटरनेटवरून येणारं 'लाइव्ह' चित्र बहुधा तुकड्यांनी येतं. ॲपलनं २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत तुकडा साधारण सहा सेकंदांचा ठेवायची शिफारस आहे, आणि प्लेअर दोनतीन तुकडे हाताशी घेऊन मगच दाखवायला लागतो. म्हणून शेजारच्या घरात टीव्हीवर विकेटचा जल्लोष होतो आणि तुमच्या मोबाईलवर गोलंदाज अजून धावतच असतो. घरी हे चालून जातं. पण एकाच सभागृहात चार पडदे असतील आणि प्रत्येकानं आपापले तुकडे आपल्या वेळेनं आणले, तर वक्त्याचे ओठ चार ठिकाणी चार वेळांना हलतात. तिथे इंटरनेटच्या भानगडीत न पडता कॅमेऱ्यापासून सरळ तार ओढावी.

आता बोट लावायच्या पडद्यांकडे. मोबाईलचा पडदा बोटातून होणाऱ्या विजेच्या बारीक फरकावर चालतो, म्हणून ओल्या बोटानं गडबडतो. मोठ्या पडद्यांवर अनेकदा वेगळी युक्ती असते: चौकटीच्या आतून, काचेच्या अगदी जवळून, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची जाळी. बोटानं किरण अडले की जागा कळते. हातमोजा चालतो, काठीचं टोक चालतं. पण पदराचं टोक, पावसाचा थेंब आणि काचेवर बसलेली माशीही 'चालते'. चौकटीच्या खोबणीत धूळ साचली तर पडद्याला वाटतं, कुणीतरी कायम बोट टेकवून उभं आहे. असे पडदे बिघडले म्हणून फोन येतो तेव्हा मी आधी एकच सांगतो: कोरड्या फडक्यानं चौकट आतून पुसा. निम्म्याहून जास्त वेळा तेवढ्यानं भागतं.

बटणं कुठे ठेवायची यात माणुसकी दिसते. साडेसहा फूट उंचीच्या उभ्या पडद्यावर 'पुढे जा' अगदी वर ठेवलं, की चाकांच्या खुर्चीतला माणूस आणि शाळकरी मूल दोघंही बाद. जमिनीपासून साधारण १.२ मीटरच्या वर हात लावायची कुठलीच गोष्ट नको. आणि कुणी अर्धवट सोडून गेलं तर पडदा अर्ध्या-एक मिनिटात आपणहून पहिल्या पानावर यायला हवा, आधीच्या माणसानं टाकलेला मोबाईल नंबर, आजाराचं नाव, सगळं पुसून. रांगेतल्या पुढच्या माणसाला ते दिसणं हा त्या पेशंटवर अन्याय आहे.

पडद्याला हातच लावायचा नसेल तर क्यूआर. १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्हनं गाड्यांच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तो बनवला. त्याच्या सर्वांत टणक प्रकारात जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. आकाराचा ढोबळ हिशोब दहास एक: तीन मीटरवरून स्कॅन व्हायला हवा असेल तर ३० सेंटिमीटरचा चौकोन हवा. चित्रफितीत चार सेकंद क्यूआर दाखवणारे लोक स्वतः कधी खिशातून मोबाईल काढून तो उघडून बघत नाहीत. चार सेकंद त्यातच जातात.

पडदा जितका उघड्यावर, तितकी त्याच्या किल्लीची जबाबदारी मोठी. मार्च २०२३ मध्ये पाटणा जंक्शनवर फलाटावरच्या पडद्यांवर भर सकाळी अश्लील चित्रफीत काही मिनिटं चालली. रेल्वेनं त्या एजन्सीचं कंत्राट रद्द केलं. सर्व्हरचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, नोकरी सोडून गेलेल्याचा बंद केला का, प्लेअरची यूएसबी खाच उघडी आहे का, एवढे तीन प्रश्न सुरुवातीलाच विचारावेत. पण बाहेरचं कुणीही न शिरता सगळं कोलमडू शकतं. १९ जुलै २०२४ ला सुरक्षेच्याच एका सॉफ्टवेअरची सदोष सुधारणा जगभर गेली आणि विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं निळा पडदा दाखवत थांबली. विमानतळांवरच्या वेळांच्या पाट्या गेल्या. आपल्याकडे काही प्रवाशांना त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पेन आणि कागद हाताशी होते म्हणून लोक विमानात चढले. पाटीसोबत खडू-फळा किंवा मार्कर ठेवा असं मी सांगतो तेव्हा काही मालकांना तो पैसे भरून घेतलेल्या यंत्राचा अपमान वाटतो. मला ते यंत्राचं अर्धं काम वाटतं.

त्या दवाखान्यात आम्ही नंतर तीन बदल केले. नंबराखाली लहान अक्षरांत 'शेवटचा बदल १०:४२' अशी ओळ आली. सर्व्हरशी बोलणं ३० सेकंद तुटलं तर आकडा फिकट होतो आणि शेजारी 'तपासत आहोत' येतं. ९० सेकंद झाली की आकडा पूर्ण जातो आणि त्याच्या जागी 'पाटी बंद आहे, कृपया खिडकीवर विचारा' असं दिसतं. त्याच वेळी खिडकीवरच्या कॉम्प्युटरवर बीप वाजतो. कोपऱ्यातलं घड्याळही तेव्हा लपतं. राऊटरची पिन आता कपाटात, कुलपाआड आहे.

नवी पाटी ताब्यात देताना मी मालकाला स्वतःच्या हातानं नेटची तार काढायला लावतो. मग आम्ही दोघं पडद्यासमोर बाकावर बसतो आणि वाट बघतो. ९० सेकंद तसं बसणं फार लांब वाटतं. दवाखान्याच्या डॉक्टरांनाही बसवलं होतं. साठाव्या सेकंदाला ते म्हणाले, "आकडा फिका झाला, पण तरी मी त्याच्याचकडे बघतोय." नव्वदाव्याला आकडा गेला, 'पाटी बंद आहे' ही ओळ उमटली, खिडकीवर बीप वाजला आणि आतून सिस्टर बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "त्रेपन्न नंबर कोणाचा आहे?"